कोळंबी सल्ला: बिननावाची पुडी, बांधावरची तिवरं आणि खाडीत सोडायचं पाणी

पालघर जिल्ह्यातून प्रश्न: पन्नास दिवसांची व्हेनामी (तलावात वाढवायची कोळंबीची जात) खाद्य कमी खाऊ लागली. दुकानदाराने एक पुडी दिली, ती खाद्यातून घातली. आता खरेदीदार अँटिबायोटिकची तपासणी मागतो. दहा दिवस थांबून माल काढला तर चालेल का?

पुडीवर नाव नाही, म्हणजे आत काय होतं हे तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. मग दिवस कसे मोजायचे? क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान ही अँटिबायोटिकं कोळंबीच्या तलावात वापरायला पूर्ण बंदी आहे. किती दिवस आधी थांबवायचं, हा हिशेबच तिथे नाही. नायट्रोफ्युरानचा अंश मांसातल्या प्रथिनांना चिकटून कित्येक आठवडे राहतो. शिजवून जात नाही, बर्फात ठेवून तर नाहीच. युरोपीय संघाने २०१६ मध्ये आपल्याकडच्या संवर्धित मालाच्या तपासणीचं प्रमाण १० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेलं, ते असल्याच पुड्यांपायी.

काढणीआधी एमपीईडीएच्या (सागरी मालाच्या निर्यातीचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) प्रयोगशाळेत नमुना द्या आणि खरेदीदाराला खरं सांगा. ‘तिकडे नापास झाला तर इथल्या बाजारात विकू’ असं बरेच जण बोलून दाखवतात. मुंबईच्या गिऱ्हाइकाचं पोट काही वेगळं नसतं.

आता मूळ दुखण्याकडे या. चेक ट्रे (खाद्य किती खाल्लं ते बघायची तलावातली थाळी) दोन तासांनी उचलला आणि खाद्य तसंच पडलेलं दिसलं, तर पुडी शोधण्याआधी वारा ज्या कोपऱ्याकडे वाहतो तो कोपरा बघा. पाण्यावर पांढऱ्या दोऱ्यासारखी विष्ठा तरंगते का? तसं असेल तर ईएचपीचा (कोळंबीच्या पचनग्रंथीत वाढणारा सूक्ष्म परजीवी) संशय धरून पीसीआर करून घ्या. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. पांढरे ठिपके हा तर विषाणूचा रोग, तिथेही तो पैसा पाण्यातच जातो. पुढच्या हंगामात बीज तपासूनच घ्या, आणि प्रत्येक पाकिटाचं बिल नोंदवहीत चिकटवा. आणखी एक: डोळ्यांच्या काही मलमांत क्लोरॅम्फेनिकॉल असतं. ते लावणाऱ्या गड्याला त्या दिवसांत माल हाताळायला लावू नका. त्याची मजुरी मात्र कापू नका.

रायगडमधून प्रश्न: बांधाबाहेरची तिवरं काढून तलाव वाढवता येईल का?

नाही. तिवरं म्हणजे कांदळवन, आणि त्याला कायद्याचं संरक्षण आहे. शिवाय तिवराखालचा काळा गाळ उघडा पडला की त्यातलं गंधक हवेशी मिळून आम्ल होतं, सामू घसरतो आणि चुन्याच्या गोण्या ओतूनही भागत नाही. उधाणात तुमचा बांध धरून ठेवतात ती हीच मुळं.

रत्नागिरीतून प्रश्न: मर झालेल्या तलावाचं पाणी ओहोटीला खाडीत सोडलं तर?

ओहोटीला गेलेलं पाणी भरतीला शेजाऱ्याच्या पंपात येतं. दरवाजा बंद ठेवा, मेलेली कोळंबी काढून चुना घालून पुरा. एक हेक्टर तलावात मीटरभर पाणी असेल तर ते निर्जंतुक करायला ६० पीपीएमच्या (दर घनमीटर पाण्याला ६० ग्रॅम) हिशेबाने ६०० किलो ब्लीचिंग पावडर लागते. किमान आठवडाभर पाणी कोंडून ठेवा आणि क्लोरीन उतरल्याची खात्री करूनच सोडा. सोडण्याच्या आदल्या दिवशी खाडीवरच्या बाकीच्या संवर्धकांना फोन करा, म्हणजे त्या भरतीला ते पंप बंद ठेवतील.