वाचकांचे प्रश्न : पिल्सनर कडू की पाणचट?

बिअरविषयी मराठवाड्यातून आलेल्या पत्रांमध्ये या वेळी पिल्सनर या एकाच प्रकाराबद्दल बरेच मतभेद दिसले. त्यांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. महाराष्ट्रात बिअरसाठीही किमान वय २१ वर्षे आहे, हे तरुण वाचकांनी लक्षात घ्यावे.

प्रश्न : आमच्या मित्रमंडळात या बिअरवरून कायमचा वाद आहे. एकाचे म्हणणे, पिल्सनर म्हणजे निव्वळ पाणी. दुसरा पुण्याच्या एका मायक्रोब्रुअरीत, म्हणजे जागेवरच बिअर बनवणाऱ्या छोट्या ठिकाणी, पिऊन आला, तो म्हणतो की इतकी कडू बिअर त्याने आजवर चाखली नव्हती. खरे कोणाचे धरायचे?
— एक वाचक, लातूर

उत्तर : दोघांचेही, कारण दोघांच्या ग्लासात बहुधा दोन वेगळ्या बिअर होत्या.

मूळ पिल्सनर बोहेमियातील, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील, प्लझेन या गावची. तेथील बिअर इतकी बिघडत असे की १८३८ मध्ये तिची ३६ पिंपे नगर सभागृहासमोर ओतून देण्यात आली. त्यानंतर गावातील परवानाधारकांनी मिळून नवी ब्रुअरी उभारली, आजच्या जर्मनीतील बव्हेरियाहून योझेफ ग्रोल या ब्रुअरला, म्हणजे बिअर बनवणाऱ्याला, बोलावले आणि १८४२ च्या ऑक्टोबरात त्याने पहिला घाणा काढला. त्याच्यापाशी तीन गोष्टी एकाच वेळी आल्या होत्या: धुराचा थेट स्पर्श न होऊ देता फिकट भाजलेले बार्लीचे माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य), झाटेक भागातील सुगंधी हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी वेलीची फुले), आणि थंड तळघरात तळाशी बसून सावकाश आंबवणारे बव्हेरियन यीस्ट. गडद, गढूळ बिअरची सवय असलेल्या लोकांना सोनेरी आणि आरपार दिसणारी बिअर मिळाली. ही मूळ बिअर आजही मिळते. तिच्यात अल्कोहोल साडेचार टक्क्यांच्याही किंचित खाली असते, पण कडवटपणा मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय एककात ती चाळिशीच्या आसपास जाते, आणि त्या कडवटपणाखाली भाजलेल्या पावाची आठवण करून देणारा माल्टचा गोडसर आधार असतो. जर्मनीत हाच प्रकार अधिक फिकट, अधिक कोरडा झाला. उत्तर जर्मनीतील काही पिल्स तर जिभेला चांगल्याच बोचतात.

पुढे कृत्रिम शीतकरण आले, १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी शुद्ध यीस्ट वेगळे केले, आणि तळघर नसलेल्या देशांतही ही बिअर वर्षभर काढता येऊ लागली. अमेरिकेत तिच्यात मका आणि तांदूळ आले, हॉप्स कमी कमी होत गेले. आज जगभर सर्वाधिक खपणारी फिकट लागर (लागर म्हणजे थंडीत सावकाश आंबवलेली बिअर) याच वाटेने तयार झाली असून तिचा कडवटपणा बहुधा दहा-पंधरा एककांच्या आसपास असतो. रंग तोच, फेस तसाच, पण मूळ बिअरच्या निम्म्याहूनही कमी कडू. आपल्याकडच्या बिअर शॉपीत माइल्ड म्हणून मिळणारी बहुतेक बिअर या कुळातली आहे. तिला पाणचट म्हणणाऱ्या आपल्या मित्राचे निरीक्षण चुकीचे नाही, पण ते पिल्सनरच्या खात्यावर मांडणे अन्यायाचे आहे.

जाणकार पिणाऱ्यांमध्येही या प्रकाराबद्दल दोन तट आहेत. एक तट त्याला नवख्यांची बिअर समजतो आणि आंब्या-संत्र्याचा वास मारणाऱ्या आयपीएकडे (इंडिया पेल एल या हॉप्सचा भर असलेल्या बिअरकडे) वळतो. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की ब्रुअरची परीक्षा घ्यायची तर त्याची पिल्सनर मागवावी, कारण साध्या वरणात मीठ चुकले की लगेच कळते, तसे येथे काहीच लपत नाही. आंबवण नीट उरकली नसेल तर लोण्याचा वास येतो, उकळण्यात कसूर झाली असेल तर उकडलेल्या मक्याचा. माझे मत या दुसऱ्या तटाकडे झुकते, फक्त एक अपवाद करून: मूळ चेक पिल्सनरमध्ये लोण्याची पुसटशी छटा असते आणि तेथे तो दोष मानत नाहीत. हे ठाऊक नसलेला परीक्षक तिलाही नापास करील.

प्रश्न : मी वाळूज औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. आमच्या भागात बिअरचे कारखाने आहेत. प्लझेनच्या पाण्यामुळेच ती चव येते असे वाचले. जायकवाडीच्या पाण्यातून तशी बिअर होऊ शकेल का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : होऊ शकेल, आणि अडचण पाण्याच्या चवीची नाही. प्लझेनचे पाणी फार मृदू आहे, त्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून फिकट माल्टमधून साखर नीट उतरते आणि भरपूर हॉप्स घालूनही कडवटपणा घशाला खरखरत नाही. जड, बायकार्बोनेटयुक्त पाण्यात तेच हॉप्स कर्कश लागतात. म्युनिकसारख्या शहरांत गडद बिअर रुजण्यामागे हेही एक कारण होते. आपल्या काळ्या पाषाणातील बोअरचे पाणी कसे असते ते इथल्या घराघरांतील पातेल्यांच्या तळाला दिसते. परंतु आजचा कोणताही मोठा कारखाना पाणी जसेच्या तसे वापरत नाही; आरओने क्षार काढून टाकायचे आणि हवे तेवढेच परत मिसळायचे, अशी पद्धत आहे. मग कमी पडते काय, तर महाग हॉप्स आणि टाकीत बिअर काही आठवडे थंड ठेवून मुरू देण्याची तयारी. कडू बिअरला गिऱ्हाईक नाही असे कारखानदार म्हणतो, आणि त्याचे फारसे चुकत नाही.

पाण्याचा विषय आपण काढलाच आहे म्हणून एवढे लिहितो की येथे गुणवत्तेपेक्षा उपलब्धतेचा प्रश्न मोठा आहे. चांगला चालवलेला कारखानाही एक लिटर बिअरमागे तीन-चार लिटर पाणी घेतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागत होते, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला लावली होती. त्या वर्षी प्लझेनच्या पाण्याशी तुलना करण्याची चैन कोणालाच परवडली नसती.

प्रश्न : हिरव्या बाटलीतील एक महागडी परदेशी पिल्सनर आणली, तर तिला उग्र, कुबट वास येत होता. दुकानदार म्हणाला, ‘साहेब, इम्पोर्टेडचा वास असाच असतो.’ हे खरे आहे का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : दुकानदाराने आपली बोळवण केली. हॉप्समधील कडू घटकांवर प्रकाश पडला की त्यांतून गंधकयुक्त संयुग तयार होते आणि त्याचा अत्यल्प अंशही नाकाला कळतो. पिल्सनरमध्ये हॉप्स जास्त, म्हणून हा धोकाही जास्त. तपकिरी काच हा प्रकाश बऱ्यापैकी अडवते, हिरवी फारच थोडा. दुकानाच्या दर्शनी भागात ट्यूबलाइटखाली महिनोन्महिने शोभेला मांडलेली बाटली, किंवा टेम्पोतून उतरवून दुपारपर्यंत पायरीवर उन्हात राहिलेला क्रेट, दोन्हींचा शेवट एकच.

उष्णतेची गोष्ट वेगळी. परभणीचा मे महिना बिअरला वास आणत नाही, तर तिला शिळी करतो. मग ओल्या पुठ्ठ्यासारखी चव लागते आणि हॉप्सचा सुगंध निघून जातो. म्हणून शक्य असेल तेथे टिन घ्यावा, आणि घेण्यापूर्वी त्यावरील उत्पादनाची तारीख वाचावी. माझा अनुभव असा की समुद्रापलीकडून आलेल्या जुन्या नामांकित बाटलीपेक्षा गेल्याच महिन्यात भरलेला देशी टिन बहुतेक वेळा सरस ठरतो.

प्रश्न : स्ट्राँग पिणारे आम्हाला हसतात. पिल्सनरने पैसे वसूल होत नाहीत, असे त्यांचे म्हणणे.
— एक वाचक, नांदेड

उत्तर : त्यांच्या हिशोबाने ते बरोबर आहेत. आठ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटर बाटलीत ५२ मिलिलिटर अल्कोहोल असते, तर साडेचार टक्क्यांच्या ३३० मिलिलिटरच्या पिंटमध्ये जेमतेम १५. नशा हाच माल समजला तर पिल्सनर तोट्याचा सौदा आहे, आणि त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

प्रश्न : पिल्सनर किती थंड असावी? आमच्याकडे तर बर्फ घालूनही पितात.
— एक वाचक, बीड

उत्तर : सात-आठ अंशांवर तिचा सुगंध कळतो. गोठण्याच्या बेतात आणली की जीभ बधिर होते, आणि मग पन्नास रुपयांची काय नि पाचशेची काय, सारखीच. बर्फ वितळून ती पातळ करतो, तो टाळावा. परमिट रूममधील वेटर फेस येऊ नये म्हणून ग्लास आडवा धरून काठाने धार सोडतात, कारण फेस दिसला की गिऱ्हाईक माप कमी मिळाल्याची तक्रार करते. प्लझेनला याच्या उलट दोन-तीन बोटे दाट, ओलसर फेस नसेल तर ग्लास परत करतात. फेस सुगंध धरून ठेवतो आणि हवेचा संपर्क कमी करतो, तेव्हा बाटली हातात आली की शेवटची धार जरा उंचावरून सोडण्यास हरकत नाही.

प्रश्न : हिच्याबरोबर खायला काय ठेवावे?
— एक वाचिका, धाराशिव

उत्तर : खारे शेंगदाणे, कांदाभजी, तळलेली मासळी. तेलकटपणा ती छान कापते. काळ्या मसाल्याच्या झणझणीत मटणाबरोबर मात्र हॉप्सचा कडवटपणा आणि बुडबुडे मिळून तिखट आणखी भडकवतात. त्या जेवणासोबत ताकच ठेवावे आणि पिल्सनर जेवणाच्या तासभर आधी संपवावी.