वाडीचा वारसा मांडताना: गिरगावच्या वाचकांचे प्रश्न

गिरगावातल्या वाड्या आणि चाळींमधून या वेळी बरीच पत्रं आली. वस्तीचा वारसा सगळ्यांसमोर मांडायचा आहे, पण सुरुवात कुठून करायची, हा बहुतेकांचा सूर. त्यांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : खोताच्या वाडीपासून केशवजी नाईक चाळीपर्यंत वारसाफेरी काढायची आहे. पाठारे प्रभू, ईस्ट इंडियन (म्हणजे इथलेच मराठीभाषक ख्रिस्ती), गोवेकर, गुजराती, कोकणातून आलेली कुटुंबं असे सगळे इथे आहेत. प्रत्येक समाजाला एकेक थांबा दिला तर कुणी नाराज होणार नाही, असं वाटतं. बरोबर आहे ना?

तसं करू नका. समाजवार थांबे दिले की पाच वेगळ्या वस्त्या पाहिल्यासारखं वाटतं. गिरगावची खरी ओळख तर एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहण्यात आहे. थांबे गोष्टींवर ठरवा: पाणी, जिना, स्वयंपाक, नवस, सण.

पाण्याचंच घ्या. विहार तलावाचं पाणी 1860 मध्ये नळाने शहरात आलं. तोवर वाड्या विहिरींवर जगत. पुढे मलेरिया हटवण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरातल्या पुष्कळ विहिरी बुजवल्या किंवा झाकल्या गेल्या. आता याच थांब्यावर ईस्ट इंडियन लग्नातलं ‘उंब्राचं पाणी’ सांगा. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन नवरा-नवरीच्या अंघोळीचं पाणी आणायचं, हा तो विधी. ऐकणाऱ्यांतलं कुणीतरी लगेच आपल्याकडच्या विहीरपूजेची आठवण काढतं आणि एकाच विहिरीभोवती दोन-तीन घरांच्या रीती बोलल्या जातात.

खोताच्या वाडीची सुरुवातही अशीच सांगता येते. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी इथली जमीन तुकड्यांनी दिली आणि ईस्ट इंडियन कुटुंबांनी तिच्यावर घरं बांधली. नाव प्रभू खोताचं, घरं ख्रिस्ती मराठीभाषकांची. ही एक ओळच निम्मं काम करते. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास, या समाजाने स्वतः घेतलं. माणसं मात्र इथलीच, मुंबई, साष्टी आणि वसईची. हे आवर्जून सांगा, कारण नाव ऐकून ती पूर्व भारतातून आली असावीत असा समज आजही होतो.

आता मोजमाप. गटात 15 ते 18 माणसं असावीत. वाडीतल्या बोळात याहून जास्त माणसं थांबली की रहिवाशांची वाट अडते आणि शेवटच्याला काही ऐकू येत नाही. अंतर सव्वा किलोमीटरच्या आत, थांबे आठ, प्रत्येकी 7-8 मिनिटं. थांब्यांचा तासभर, चालण्याची 25 मिनिटं आणि रस्ता ओलांडून सगळे गोळा होईपर्यंतची 15-20 मिनिटं धरली तर पावणेदोन तास होतात. दहावा थांबा घातलात की लोक घड्याळ पाहू लागतात. रविवारी सकाळी 8 ला निघा, मात्र चर्चची प्रार्थना सुटण्याची वेळ आधी विचारून ठेवा. जगन्नाथ शंकरशेठ मार्गाकडून वाडीत शिरून विठ्ठलभाई पटेल मार्गाकडे बाहेर पडलात तर त्याच बोळातून परत यावं लागत नाही. आणि सगळ्यात आधी, निदान आठवडाभर अगोदर, वाटेवरच्या प्रत्येक घरी जाऊन सांगा. पडवी ही त्यांची बैठकीची खोली आहे. तिथे कॅमेरा रोखायचा तर आधी विचारायचं. कुणी नको म्हणालं तर ते घर नकाशावरूनही वगळायचं.

प्रश्न : घरांवर आणि चाळींवर माहितीफलक लावायचे आहेत. घर नेमकं कधीचं हे कसं ठरवायचं? प्रत्येक जण वेगळं साल सांगतो.

साल कशाचं आहे हे आधी ठरवा. पायाभरणीचं, उद्घाटनाचं की काम पुरं झाल्याचं? रॉयल ऑपेरा हाऊसबाबत 1911 आणि 1912 अशी दोन्ही सालं ऐकू येतात आणि दोन्ही खरी आहेत. पंचम जॉर्ज राजाच्या हस्ते उद्घाटन 1911 मध्ये झालं, तेव्हा बांधकाम अपुरं होतं. ते पुढच्या वर्षी संपलं. फलकावर नुसतं ‘1911’ न लिहिता ‘उद्घाटन 1911’ असं लिहिलं की वादच उरत नाही.

केशवजी नाईक चाळीबाबतही अशीच गफलत होते. इथला सार्वजनिक गणेशोत्सव 1893 पासूनचा, तर लोकमान्य टिळक इथे आले ते 1901 मध्ये. ही दोन वाक्यं एकत्र करून ‘1893 मध्ये टिळकांनी इथे गणपती बसवला’ असं सर्रास सांगितलं जातं. फलकावर दोन्ही सालं वेगवेगळी द्या.

साध्या घरांसाठी तीन गोष्टी तपासा. पहिली, 1872 मध्ये पुरी झालेली लॉटनची शहर-मोजणी. तिच्या नकाशात तुमच्या घराची आखणी दिसली तर त्या जागी तेव्हा घर होतं एवढं नक्की. मात्र तेच घर होतं असं नाही. दुसरी, घरातल्या जुन्या भाडेपावत्या आणि महापालिकेच्या कराची बिलं. मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, जमिनीबद्दल सांगते. तिच्यावरून घराचं वय काढू नका. तिसरी, कौलं. दुरुस्तीत उतरवलेलं मंगलोरी कौल उलटं करून छाप वाचा. बासेल मिशनचा मंगळूरचा कारखाना 1865 मध्ये सुरू झाला, म्हणजे तो छाप त्याआधीचा असूच शकत नाही. ‘कॉमनवेल्थ’ असा छाप असेल तर कौल पहिल्या महायुद्धानंतरचं. अर्थात हे छपराचं वय झालं, भिंती त्याहून जुन्या असू शकतात.

कोपऱ्यावरच्या क्रुसांबद्दलही एक सूचना. 1896 च्या प्लेगनंतर मुंबईत अनेक क्रूस उभे राहिले, म्हणून सगळेच ‘प्लेगचे क्रूस’ ठरवले जातात. चौथऱ्यावरची शिळा वाचा. रंगाचे थर साचले असतील तर खरवडू नका. संध्याकाळी टॉर्च बाजूने, शिळेला जवळजवळ समांतर धरा. सावलीमुळे अक्षरं उठून दिसतात.

फलकाची अक्षरं तीन मीटरवरून सहज वाचता यावीत म्हणून ठळक मजकूर अडीच सेंटीमीटर उंच ठेवा. बारीक मजकूर 60 शब्दांच्या वर नको. फ्लेक्स दोन पावसाळ्यांत फिका पडतो. इनॅमलचा पत्रा टिकतो. सागवानी खांबाला खिळा ठोकू नका, त्या भोकातून पाणी शिरून लाकूड आतून कुजतं. फलक फाटकाला पट्टीने बांधा.

प्रश्न : खाऊगल्लीत ईस्ट इंडियन फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, ठेवायचे आहेत. घरी करून पाहिले तर बाहेरून लाल, आत कच्चे. काय चुकतं?

तेल फार तापलेलं आहे आणि फुगे मोठे आहेत, दोन्ही कारणं एकत्र आहेत. अर्धा किलो मैद्याला 2 अंडी, 250 मिली नारळाचं कोमट दूध, 7 ग्रॅम कोरडं यीस्ट, दोन मोठे चमचे साखर, एक लहान चमचा मीठ आणि दोन चमचे तूप घ्या. पूर्वी यीस्टऐवजी ताडी वापरत. पीठ पोळीच्या कणकेसारखं मळायचं नाही. हाताला चिकटेल इतकं सैल ठेवून दहा मिनिटं फेटायचं. मुंबईच्या उकाड्यात दीड-दोन तासांत ते दुप्पट होतं. त्याहून जास्त ठेवलं तर आंबूस वास येतो आणि तळताना फुगे बसतात.

मूठ ओली करून पीठ अंगठा आणि तर्जनीमधून पिळून काढा, लहान लिंबाएवढं. तेल मध्यम हवं: पिठाचा थेंब टाकल्यावर तो आधी खाली जाऊन मग सावकाश वर आला पाहिजे. लगेच उसळला तर आच कमी करा. तळाशीच राहिला तर फुगे तेल पितील. एवढ्या पिठाचे सुमारे 40 फुगे होतात. माणशी तीन धरा.

फुगे सोरपोतेलबरोबर खातात, आणि सोरपोतेल डुकराच्या मांसाचं असतं. गिरगावात शुद्ध शाकाहारी घरंही तितकीच आहेत. तेव्हा टेबल, कढई, डाव सगळं वेगळं ठेवा आणि ‘अंडं आहे’ ही पाटी फुग्यांवरही लावा. ती न लावल्याने एकदा जरी कुणाचा विश्वास तुटला तर पुढच्या वर्षी ती माणसं येत नाहीत. शेजारी प्रभूंची भानोळी किंवा परभी सांबार ठेवता आलं तर फार छान.

प्रश्न : सभेसाठी लाउडस्पीकर किती वाजेपर्यंत चालतो?

रात्री 10 पर्यंत, पोलिसांची लेखी परवानगी घेऊन. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे. रुग्णालय, शाळा किंवा न्यायालयापासून 100 मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो, जागा ठरवण्याआधी तेवढं विचारून, मोजून घ्या. बोळातल्या फेरीला स्पीकर नकोच.

प्रश्न : वाडीतल्या वयस्कर मंडळींच्या आठवणी आणि जुने फोटो जमवायचे आहेत. मोबाइलवर केलेलं काम टिकेल का?

टिकेल, पण घाईत करू नका. खोलीतला पंखा आणि फ्रिज बंद करा. त्यांची घरघर कानाला जाणवत नाही, रेकॉर्डिंगमध्ये मात्र सगळं झाकून टाकते. फोन विमान मोडवर ठेवा. माइक तोंडापासून वीतभर. फाइल वेव्ह प्रकारात, 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिट; एका माइकचा तासभर सुमारे 520 एमबी होतो. ‘तुमच्या काळात कसं होतं?’ असं विचारलं तर ‘छान होतं’ एवढंच मिळतं. ‘नळाला पाणी किती वाजता यायचं, रांगेत आधी कोण?’, ‘नाताळात कुणाच्या घरून काय यायचं, दिवाळीत तुम्ही काय पाठवायचात?’ असं विचारा. म्हातारी माणसं तासाभरात थकतात, तिथे थांबा. बोलणं ज्या बोलीत आहे त्याच बोलीत लिहून काढा. ईस्ट इंडियन आजीची मराठी ‘सुधारून’ लिहिलीत तर वारशातला सर्वांत मोलाचा भाग तुमच्याच हातून जाईल.

फोटो 600 डीपीआयवर स्कॅन करून टिफमध्ये ठेवा, मागची बाजूही स्कॅन करा. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, आख्खं पान स्कॅन करा. लॅमिनेशन अजिबात नको. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, कडेला. मूळ फोटो त्याच दिवशी घरी परत करा, राहून गेलेला एक फोटो सगळ्यांची दारं बंद करतो. प्रती तीन ठेवा, त्यांतली एक वाडीबाहेर. फाइलच्या नावात साल, वाडी आणि क्रमांक हवा. साल नक्की माहीत नसेल तर ‘195x’ असं दशक घाला, अंदाजाने 1955 लिहू नका.