वाचकांचे प्रश्न: ती बाहेर पडली, पुढे काय?

मागच्या अंकात देहविक्रीच्या धंद्यातून बाहेर पडणाऱ्या बायका आणि त्यांच्या मुलांसाठी चर्चच्या संस्था काय काम करतात यावर लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली, मेसेज आले. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले तेच घेतेय. नावं मुद्दाम छापली नाहीत.

प्रश्न: ताई, राग मानू नका, पण हे सगळं शेवटी धर्मांतरासाठीच असतं ना? अडलेल्या बाईला घर द्यायचं, जेवण द्यायचं आणि मग हातात बायबल द्यायचं.

उत्तर: राग कशाला, हा प्रश्न विचारलाच पाहिजे आणि सगळ्यात आधी आम्ही चर्चवाल्यांनी स्वतःला विचारला पाहिजे. जिला आजवर प्रत्येकाने काहीतरी देऊन त्याची दामदुप्पट वसुली केलीय तिला आपण पण म्हटलं की खोली देतो पण प्रार्थनेला बसावं लागेल, तर तिच्या दृष्टीने काय बदललं सांगा? म्हणून कुठल्याही संस्थेला पैसे द्यायच्या आधी सरळ विचारा की बाई उपासनेला आली नाही तर काय होतं, तिला तिचा देव तिच्या पद्धतीने पुजता येतो का, नमाज पढता येते का, आणि बाप्तिस्मा घेतला नाही म्हणून कोणाचं कधी काही अडलंय का. उत्तर गोलगोल आलं तर पैसे देऊ नका, मी स्पष्टच सांगते.

पण मग ख्रिस्ती लोक या कामात पडतात कशासाठी, तर पंडिता रमाबाईंची हकीकत बघा. त्या इंग्लंडमध्ये शिकायला गेल्या तेव्हा तिथल्या चर्चच्या सिस्टर्सनी, म्हणजे नन्सनी, त्यांना लंडनमधल्या फुलहमला चालवलेलं काम दाखवलं. ज्यांना समाज 'पतित' म्हणायचा अशा बायकांसाठीचं घर होतं ते, आणि त्याच घरात राहून गेलेल्या काही जणी आता आजारी माणसांची सेवा करत होत्या. अशा बायकांसाठी कोणी काही करावं हे रमाबाईंनी तोपर्यंत कुठे पाहिलंच नव्हतं. त्यांनी एका सिस्टरला विचारलं की तुम्ही लोक हे का करता, तर सिस्टरने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेली, गावाने बाजूला टाकलेली बाई, आणि येशू तिच्याकडे स्वतः पाणी मागतो, तिच्याशी नीट बोलत बसतो. १८८३ मध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अशाच बायकांसाठी कृपासदन काढलं. माझ्या मते या कामाचं मूळ त्या विहिरीपाशी आहे, आणि तिथे येशूने तिला आधी काही कबूल करायला लावलं आणि मग पाणी मागितलं असं झालेलं नाही.

दुसरी बाजूही सांगते, झाकून काय उपयोग. आयर्लंडमध्ये नन्सनी चालवलेल्या मॅग्डलीन लाँड्र्या होत्या, तिथे हजारो मुली आणि बायकांना कोंडून बिनपगारी कपडे धुवायला लावलं, त्यातल्या कित्येक जणींचा धंद्याशी काही संबंधही नव्हता. शेवटची लाँड्री १९९६ ला बंद झाली आणि २०१३ मध्ये पंतप्रधान एन्डा केनी यांनी संसदेत माफी मागितली. नाव तेच, येशूचंच. दरवाजाला कुलूप बाहेरून असेल तर भिंतीवर कोणाचाही फोटो असो, तो तुरुंगच.

प्रश्न: आमच्या मंडळीने एका बहिणीला खोली घेऊन दिली, शिलाई मशीन दिलं, आणि काही महिन्यांनी ती परत गेली. लोक म्हणतात तिलाच सवय लागलीय. आता पुढच्या वेळी कोण मदत करणार?

उत्तर: तुमचं मन दुखलंय हे कळतं. पण ती कशाकडे परत गेली ते बघा. बऱ्याचदा दलाल हाच तिच्या मुलाचा बाप असतो, त्याने मारलेलं असतं आणि ताप आला तेव्हा औषध पण त्यानेच आणलेलं असतं, त्यामुळे ते नातं असं एका दिवसात तुटत नाही. कोठ्याच्या मालकिणीचं कर्ज असतं जे कधी फिटूच दिलं जात नाही. कधी मूल तिकडेच ठेवून घेतलेलं असतं, कधी दारूची नाहीतर गोळ्यांची सवय असते, ओळखपत्र नसतं, बँकेत खातं नसतं. आणि एकटेपणा, याचा तर कोणी विचारच करत नाही. तिकडे रात्रभर जाग, चार बायका भांडायला का होईना पण सोबत, आणि इथे तुमच्या खोलीत संध्याकाळी सातनंतर भिंतींशिवाय कोणी नाही, झोप लागत नाही, शेजारच्या बायका बघून दार लावून घेतात.

शिलाई मशीनबद्दल पण बोलते. तिला शिवायचं होतं का हे कोणी विचारलं होतं? प्रत्येक संस्थेत मशीनच असतं, कारण ते आपल्याला सोयीचं वाटतं. अमेरिकेत नॅशव्हिलला बेका स्टीव्हन्स नावाच्या एपिस्कोपल चर्चच्या पाळकबाईंनी १९९७ मध्ये असं घर सुरू केलं, तिथे बायकांना दोन वर्षं राहायला मिळतं आणि पैसे घेत नाहीत. नंतर मेणबत्त्या, तेलं बनवायचा व्यवसाय उभा केला आणि काम त्याच बायकांना दिलं. दोन वर्षं म्हणजे बघा, आपण सहा महिन्यांत हिशोब मागतो.

ती परत गेली म्हणून तुमचं काम वाया गेलं नाही. तिच्याकडे तुमच्यापैकी एकीचा फोन नंबर असू द्या, आणि तिने रात्री अकराला फोन केला तर 'तेव्हा का गेलीस' हे वाक्य तोंडातून काढू नका. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बाहेर पडून मग टिकणाऱ्या खूप जणी असतात.

प्रश्न: वर्धापनदिनाला एका मुलीने सगळ्यांसमोर साक्ष द्यावी, म्हणजे आपली कहाणी सांगावी, असं पाळकसाहेबांना वाटतं. लोकांचं हृदय हलतं, दान पण येतं. चालेल का?

उत्तर: नाही. ती खोलीला, जेवणाला तुमच्यावर अवलंबून आहे, मग ती नाही म्हणेल तरी कशी? तिच्या 'हो' ला हो धरू नका. मार्कच्या शुभवर्तमानात याइराच्या मुलीला येशूने उठवलं, ती गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ आहे, मानवी तस्करीविरुद्ध काम करणाऱ्या सिस्टर्सच्या जगभरच्या जाळ्याला 'तलिथा कुम' (मुली, ऊठ) हे नाव त्याच गोष्टीवरून आहे, २००९ पासून. पण मुलगी उठल्यावर त्याने सांगितलेल्या दोन गोष्टी आपण वाचतो आणि पुढे जातो, की हे कोणाला कळू देऊ नका, आणि तिला खायला द्या. पोरगी वाचली तर तिला जेवू घाला, गावभर करू नका. एवढा स्पष्ट शास्त्रभाग असताना स्टेज कशाला हवं?

मुलांचे फोटो तर अजिबातच नको, चेहरा धूसर करून पण नको. कपडे, पाठीमागची भिंत, दप्तर यावरून शोधणारा शोधतो.

प्रश्न: चर्चने प्रार्थना करावी, कायद्याच्या भानगडीत पडू नये असं मला वाटतं.

उत्तर: एकोणिसाव्या शतकातली इंग्लंडची जोसेफिन बटलर पाद्र्याची बायको होती, प्रार्थना करणारी होती, रस्त्यावरच्या आजारी बायकांना स्वतःच्या घरात आणून ठेवायची. आणि तीच बाई कितीतरी वर्षं इंग्लंडच्या त्या कायद्याविरुद्ध लढली ज्यात पोलीस संशयावरून कुठल्याही बाईची जबरदस्तीने तपासणी करवायचे. तो १८८६ मध्ये रद्द झाला. त्याच्या आदल्या वर्षी मुलींचं संमतीचं वय १३ वरून १६ झालं, त्यातही तिचा वाटा होता. प्रार्थनेचा आणि कायद्याचा, दोन्ही हात वापरा.

प्रश्न: जुने कपडे पाठवू का?

उत्तर: आधी फोन करून विचारा. बहुतेक ठिकाणी कपड्यांचे ढीग पडलेले असतात आणि नवी अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड, दाताच्या डॉक्टरची फी, मुलांच्या क्लासचे पैसे यासाठी काही नसतं. दर महिन्याला थोडी पण ठरलेली रक्कम सगळ्यात कामाची.

प्रश्न: मी संडे स्कूल घेते. एका मुलीने मला काहीतरी सांगितलं, आणि कोणाला सांगू नका म्हणाली. मी काय करू?

उत्तर: तिने तुम्हाला निवडलं, म्हणजे तिला तुमचा भरवसा आहे. तिचं ऐका, मध्ये तोडू नका, आणि 'मग काय झालं, कुठे, किती वेळा' असं खोदून विचारू नका, ते काम शिकलेल्या माणसाचं आहे आणि प्रत्येकाने विचारलं तर तिला ते पुन्हा पुन्हा भोगावं लागतं. माझा तुझ्यावर विश्वास आहे, यात तुझी काही चूक नाही, एवढं नक्की बोला. कोणाला सांगणार नाही असं वचन मात्र देऊ नका. तिला सांगा की तू सुरक्षित राहावीस म्हणून मला एकदोन माणसांना सांगावं लागेल, आणि मग आजच, उद्यावर न टाकता, मुलांच्या हेल्पलाइनला किंवा बालसंरक्षण अधिकाऱ्याला कळवा. घरच्यांना किंवा ज्याच्यावर संशय आहे त्याला आधी विचारायला जाऊ नका, तो चर्चमधला कितीही मोठा माणूस असला तरी. तिच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवा. आणि पुढच्या रविवारी ती आली की नेहमीसारखंच वागा, तिचा हजेरीतला नंबर आला की नाव घ्या, तिला वेगळं काढू नका.