रोज खिशात ठेवायला स्वस्त आणि बहुपयोगी चाकू कोणता घ्यावा?

फळं, दोऱ्या, पार्सलं एवढंच कापायचं असेल तर फ्रान्सचा ओपिनेल, ८ नंबर. पातं साडेआठ सेंटिमीटरचं, मूठ लाकडी, वजनाला अगदी हलका. मुठीच्या तोंडाशी धातूची कडी असते, ती फिरवली की पातं जागेवर पक्कं होतं आणि बोटांवर मिटत नाही. स्वस्त चाकूंत एवढं साधं आणि भरवशाचं लॉक मला दुसरं दिसलेलं नाही.

घेताना स्टेनलेसचाच घ्या. कार्बन स्टीलला धार लवकर लागते खरी, पण कैरी-लिंबू कापून तसंच ठेवलं तर पातं काळं पडतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात गंज हमखास. पावसात लाकूडही फुगतं, पातं निघता निघत नाही. अशा वेळी कडी मोकळी करून मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोका, पात्याचं टोक वर येतं. मग कोरडं करून सांध्यात खाद्यतेलाचा एखादा थेंब सोडा.

स्क्रू, डबे, बाटल्याही उघडायच्या असतील तर थोडे जास्त पैसे घालून व्हिक्टोरिनॉक्सचा स्पार्टन घ्या. मात्र त्याच्या पात्याला लॉक नाही, जोर लावताना जपून.

रस्त्यावरचे बटण दाबून उघडणारे चाकू कृपा करून घेऊ नका. सांधा ढिला असतो, आणि पोलिसांनी हटकलं तर समजावता नाकी नऊ येतात.

विमानात केबिन बॅगेत चाकू चालत नाही, चेक-इनच्या सामानात टाका.