उपराजधानीत उतरलेले पाहुणे आपल्या वावरात : वाचकांचे प्रश्न

नागपूरच्या हॉटेलांत उतरलेल्या पाहुण्यांना एखाद्या दिवसासाठी गावाकडे आणायचं, तर कोणत्या महिन्यात काय दाखवायचं आणि ते नीट कसं पार पाडायचं, असे बरेच प्रश्न आले आहेत. निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : आमचं वावर काटोल तालुक्यात आहे. नागपूरच्या एका हॉटेलवाल्यांनी विचारलं, अधिवेशनाच्या दिवसांत वीस-पंचवीस पाहुणे पाठवतो, हुरडा पार्टी ठेवता का? ज्वारी आम्ही कित्येक वर्षं पेरली नाही, सारी पऱ्हाटी (कपाशी) अन् तूर. किती पेरावी, कधी पेरावी, अन् ऐन दिवशी काय सांभाळावं?

1953 च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात होतं, आणि ते बहुधा डिसेंबरात असतं. पण तारखा उशिरा ठरतात, कामकाजाचे दिवसही कमीजास्त होतात. इकडे कणीस हुरड्यावर राहतं जेमतेम आठ-दहा दिवस. म्हणून सगळी ज्वारी एकदम पेरू नका. एकेक गुंठ्याच्या तीन पट्ट्या करा. पहिली 10 सप्टेंबरच्या आसपास, दुसरी 20 ला, तिसरी महिनाअखेरीस पेरा. हुरड्याचे वाण साधारण 85 ते 100 दिवसांत हुरड्यावर येतात, थंडी जास्त पडली तर थोडे दिवस वाढतात. या हिशेबाने डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कुठली ना कुठली पट्टी तयार असते. नाताळच्या सुट्टीतले पाहुणेही त्यात बसतात.

बियाणं हुरड्याचंच घ्या. धान्याच्या संकरित ज्वारीचा हुरडा गोड लागत नाही आणि बोंडातून, म्हणजे दाण्यावरच्या टरफलातून, दाणा सुटत नाही. आपल्याकडची जुनी वाणी ज्वारी, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा पीडीकेव्ही कार्तिकी, राहुरीचे फुले उत्तरा आणि फुले मधुर ही नावं लक्षात ठेवा. यांतला कोणता वाण सप्टेंबरच्या पेरणीला घ्यायचा, हे कृषी विज्ञान केंद्रात विचारूनच ठरवा.

किती पेरावं याचा हिशेब सोपा आहे. दोन ओळींत 45 आणि दोन झाडांत 15 सेंटिमीटर ठेवलं तर गुंठ्यात सुमारे दीड हजार झाडं बसतात. खोडमाशी, पाखरं आणि मोडतोड वजा जाता हजारेक कणसं धरा. माणशी पाव किलो हुरडा पुरतो. एका कणसातून 50 ते 70 ग्रॅम निघतो, म्हणजे माणशी चार-पाच कणसं झाली. पंचवीस जणांना सव्वाशे लागतील, जळकी-कच्ची धरून दीडशे कापा.

आता बिघडतं कुठे ते सांगतो. सप्टेंबरच्या पेरणीवर खोडमाशी हटकून येते, पोंगा (रोपाचा मधला कोवळा शेंडा) सुकतो आणि ओढला की हातात येतो. बीजप्रक्रिया केलेलं बी थोडं दाट पेरा. विरळणी वीस दिवसांनी करा आणि त्या वेळी पोंगे मेलेली रोपं आधी उपटा. परतीच्या पावसात पाणी साचेल असा खोलगट भाग निवडू नका.

दुसरी अडचण मोठी आहे. चहूकडे पऱ्हाटी असताना मधेच गुंठाभर गोड ज्वारी उभी राहिली की शिवारातली सगळी पाखरं तिथेच उतरतात. दाणा भरू लागला की बांबूवर जाळी टाका. रानडुक्कर आणि रोह्यांसाठी (नीलगायींसाठी) रात्रीची जागल ठरवून ठेवा, पार्टीच्या आदल्या रात्री तर नक्कीच.

तिसरी गोष्ट जिवाशी संबंधित आहे. तूर फुलोऱ्यात आणि शेंगेत असते त्याच दिवसांत तिच्यावर अळीसाठी फवारणी होते. हुरडा कुणी धुऊन खात नाही. त्यामुळे हुरड्याची पट्टी तूर-पऱ्हाटीला लागून घेऊ नका, वाऱ्याच्या वरच्या अंगाला घ्या, आणि कणीस निसवल्यावर (बाहेर पडल्यावर) तिच्यावर काहीही फवारू नका. शेजारच्या धुऱ्यावरून (बांधावरून) फवारा उडाला असेल तर ती कणसं पाहुण्यांना देऊच नका, पार्टी रद्द झाली तरी चालेल.

ऐन दिवशी कणसं सकाळीच कापा. आदल्या संध्याकाळी कापून ठेवलेल्या कणसाची गोडी उतरते. कापण्याआधी दोन-तीन कणसांचे दाणे नखाने दाबून पाहा. पांढरं दूध उडालं तर अजून वेळ आहे, नख रुतलं नाही तर वेळ गेली. दाणा हिरवा, मऊ आणि आत चिकट लागला की तो हुरडा. कापलेली कणसं ओल्या पोत्याखाली सावलीत ठेवा.

आगटी, म्हणजे कणसं भाजायचा खड्डा, फूटभर खोल, दोन-अडीच फूट रुंद पुरे. पंचवीस जणांसाठी अशा दोन खणा, एकच मोठी केली तर भाजणाऱ्याला झळ लागते आणि मधली कणसं करपतात. वाळलेल्या गवऱ्या रचून पाहुणे येण्याच्या पाऊण तास आधी पेटवा. रॉकेल किंवा डिझेल अजिबात नको, त्याचा वास दाण्यात उतरतो. जाळ आणि धूर संपून वर राख, खाली निखारा अशी अवस्था आली की कणसं त्या गरम राखेत खुपसा आणि फिरवत राहा. चार-सहा मिनिटांत दाणे तडतडू लागतात. जाळावर घाईने भाजलं तर बोंड काळं पडतं आणि दाणा आत कच्चा राहतो. बाहेर काढून राख झटका, जाड फडक्यात धरून तळहाताने चोळा, सुपात पाखडा, गरम असतानाच वाढा. दर आगटीला एक भाजणारा आणि दोन चोळणारे लागतात. पाहुण्यांना चोळायला जरूर बसवा, त्यांना ते आवडतं, पण पहिला घाणा आपल्या माणसांनी काढून द्यावा, नाहीतर भुकेली मंडळी अर्धा तास कोंडाच फुंकत बसते.

सोबत जवसाची चटणी, लसूण-शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही, गूळ, हरभऱ्याचे घाटे आणि मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा ठेवा. जेवण दीड-दोन तासांनी द्या आणि बेताचं ठेवा. सोले-वांगे, भाकर, ताक एवढ्यात पोट तृप्त होतं. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा हुरडा अकराला सुरू करा आणि चारला गाडी परतीला लावा.

आगटी कुटाराच्या (भुशाच्या) ढिगापासून आणि कडब्याच्या गंजीपासून लांब हवी. पाण्याचे दोन ड्रम आणि वाळूची घमेली जवळ ठेवा. आणखी एक, कणसं कापल्यावर धांड्याला (ज्वारीच्या ताटाला) खालून कोवळे फुटवे येतात. त्यांत विषारी द्रव्य असतं, गुरं-शेळ्या दगावतात. त्या पट्टीत जनावरं सोडू नका.

प्रश्न : सावनेर तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. हॉटेलचे पाहुणे येतात, स्वतःच्या हाताने फळ तोडतात. पण त्यांनी नेलेली फळं दोन-चार दिवसांत सडतात, अशी तक्रार हॉटेलकडून आली. फळ तर चांगलं असतं. चूक कुठे होते?

चूक तोडण्यात आहे, भाऊ. हाताने ओढलं की देठाजवळ साल फाटते आणि त्या फटीतून बुरशी आत शिरते. झाडावर पाहून ही जखम कळतही नाही. फळ हातात घेऊन देठाची जागा न्याहाळा. हिरवी टिकली फळावर शाबूत हवी. टिकली निघून तिथे पांढरा खड्डा दिसला, तर ते फळ तिथेच खाऊन टाकायचं, पिशवीत भरायचं नाही.

दर चार माणसांमागे एक कात्री द्या. देठ आधी थोडं लांब कापायचं, मग फळाला लागून दुसरा काप घ्यायचा. दांडी लांब राहिली तर पिशवीत शेजारच्या फळाला टोचते. दव वाळल्याशिवाय, म्हणजे साधारण नऊ-दहाच्या आधी तोडू देऊ नका. ओल्या सालीतल्या तेलाच्या ग्रंथी दाबाने फुटतात आणि नंतर तिथे तपकिरी डाग पडतात. प्लास्टिकच्या बंद पिशवीऐवजी कागदी पिशवी किंवा भोकं असलेला खोका द्या.

आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या शेवटी आलेल्या फुलांची) फळं ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलांची) फेब्रुवारी ते एप्रिल. जानेवारीत बऱ्याच बागा रिकाम्या असतात. हॉटेलवाल्यांना हे आधीच स्पष्ट सांगा, नाहीतर ते बारमाही संत्र्याची जाहिरात करून मोकळे होतात. आंबियाचं फळ सालीने हिरवं-पिवळं असलं तरी आतून गोड असू शकतं, तेव्हा एक फळ आधी कापून चाखवा. पाहुण्यांसाठी चार-सहा ओळी राखून ठेवा आणि औषधाच्या डब्यावर लिहिलेला काढणीपूर्व कालावधी (फवारणी ते तोडणी यांत सोडायचे दिवस) उलटल्याशिवाय त्या ओळींत कुणाला सोडू नका.

प्रश्न : पोळ्याला पाहुणे आणले तर बंडीतून (बैलगाडीतून) फेरफटका मारून आणता येईल का?

नाही. त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, आदल्या दिवशीच खांदे हळद-तुपाने चोळलेले असतात. बंडी हवी असेल तर दुसरा दिवस निवडा. पोळ्याला पाहण्यासारखं खूप आहे : दुपारी सजावट, मग तोरणाखाली जोड्या उभ्या राहणं, झडत्या (पोळ्यात म्हणायच्या चुरशीच्या ओव्या), तोरण तुटणं. तोरण तुटल्याबरोबर बैल एकदम हलतात आणि ढोल-फटाक्यांनी बिथरतात. पाहुण्यांना ओट्यावर किंवा गच्चीवर बसवा, जोड्यांच्या रांगेत फोटो काढायला जाऊ देऊ नका.

दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात मारबतीची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. काळी आणि पिवळी मारबत, त्यांच्यामागे बडगे (पुरुषी पुतळे), आणि इतवारी-महाल भागात पाय ठेवायला जागा नसते. पाहुण्यांचा मुक्काम नागपुरात असेल तर आदली संध्याकाळ गावात आणि ही सकाळ शहरात, असा दोन दिवसांचा जोड फार चांगला जमतो. मात्र पोळ्याच्या रात्री वेळेत परतवा आणि सकाळी गाडी मिरवणुकीच्या भागात नेऊ नका.

प्रश्न : दसऱ्याला पाहुण्यांची गर्दी असते. तेव्हा काही ठेवावं का?

14 ऑक्टोबर 1956 ला, अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. दसऱ्याला दीक्षाभूमीवर देशभरातून लाखो माणसं येतात ती वंदनेसाठी. तो सहलीचा दिवस नव्हे, शहरातले रस्तेही वळवलेले असतात. ज्यांना मनापासून यायचं आहे त्यांच्यासाठी करायचंच असेल, तर राहण्याची स्वच्छ सोय, साधं जेवण आणि पिण्याचं पाणी द्या, कार्यक्रम नको. कार्यक्रम पाच दिवसांनी कोजागिरीला ठेवा. अंगणात भुलाबाईची गाणी, झाकल्या डब्यातला खाऊ ओळखण्याचा खेळ, आटवलेलं दूध. गावातल्या मुलींनाच म्हणू द्या, स्पीकर लावू नका. माणशी 200 मिलिलिटर दूध धरलं तर आटवण्यासाठी दीडपट घ्यावं लागतं.

प्रश्न : आम्ही ब्रह्मपुरीकडचे. नागपूरच्या पाहुण्यांना झाडीपट्टीचं (पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याचं) नाटक दाखवून रात्रीच परत पाठवता येईल का?

रात्रीच परत पाठवू नका. दिवाळीनंतर मंडईपासून (गावोगावच्या जत्रेपासून) होळीपर्यंत हा हंगाम चालतो, नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि पहाटेपर्यंत जातं. मध्यरात्री उठून निघालं तर नाटक अर्धवट राहतं आणि पुढे जंगलातला, धुक्याचा रस्ता लागतो, जनावर कधी आडवं येईल सांगता येत नाही. पाहुण्यांनी दुपारी तुमच्याकडे पोचावं, दोन तास झोपावं, आठला जेवावं, नाटक पूर्ण पाहावं आणि उजाडल्यावर चहा घेऊन निघावं. ज्यांना एवढं जागरण झेपत नाही त्यांना मंडईच्या दिवशी आणा, तिथे दंडार, खडी गंमत हे लोकनाट्याचे प्रकार दिवसाच पाहायला मिळते.

तारीख आणि गाव झाडीपट्टी नाटकांचं केंद्र असलेल्या वडशाच्या नाटक मंडळींच्या कार्यालयातून पक्कं करा, तिकिटं पुढच्या रांगेची घ्या. दर माणशी एक घोंगडी किंवा चादर न्या, उघड्या मंडपात पहाटे दोननंतर थंडी हाडात शिरते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शौचालय. आपल्या भागात वाघाचा वावर आहे, कुणालाही अंधारात झुडपाकडे जाऊ देऊ नका. मंडपाजवळच्या एखाद्या घरची सोय आधीच ठरवून ठेवा आणि पाहुणे उतरताच दाखवा.

प्रश्न : ताडोबाची सफारी जोडून द्यावी म्हणतो. काय लक्षात ठेवावं?

गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असतं आणि 1 जुलै ते 30 सप्टेंबर पूर्ण बंद. आरक्षण करताना जे ओळखपत्र दिलं तेच मूळ स्वरूपात बरोबर हवं. मोबाइल आत नेता येत नाही. वाघ दिसेलच असा शब्द देऊ नका.

प्रश्न : उन्हाळ्यात काय ठेवता येईल?

एप्रिलच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत दिवसाचा कार्यक्रम ठेवूच नये. मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहफुलं वेचणं दाखवता येतं, पण फुलं उजाडताना पडतात, म्हणून पाहुण्यांचा मुक्काम गावातच हवा, आणि नऊच्या आत सावलीत परत.

प्रश्न : पैशाचं कसं ठरवावं? मागच्या वेळी चाळीस सांगितले अन् अठरा आले, स्वयंपाक वाया गेला.

माणसांचा आकडा दोन दिवस आधी लेखी घ्या, मोबाइलवरचा संदेशही चालतो. निम्मी रक्कम आगाऊ घ्या. ठरल्यापेक्षा कमी आले तरी निदान तीन चतुर्थांश माणसांचे पैसे लागतील, हे पहिल्याच बोलण्यात सांगा. दर ठरवताना हुरडा-जेवणाच्या खर्चात भाजणाऱ्या-चोळणाऱ्यांची मजुरी, जागल आणि पाणी धरा, या तीन गोष्टी हमखास सुटतात. नियमित पाहुणे घेणार असाल तर अन्न सुरक्षा नोंदणी करा, आणि राज्याच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करून घ्या. हॉटेल तुमचा कार्यक्रम पाहुण्यांना किती रुपयांत विकतं, ते विचारायला संकोचू नका. तो आकडा कळला की पुढच्या हंगामाचा दर ठरवणं सोपं जातं.