तुळशीच्या लग्नाआधी दात सरळ होतील का?

जूनमध्ये जालन्याहून मायलेकी आल्या. खुर्चीत नीट टेकायच्या आतच आईनं विचारलं, "मॅडम, तुळशीच्या लग्नाआधी हिचे दात सरळ होतील का?"

मी दातांची डॉक्टर नाही. छत्रपती संभाजीनगरात समुपदेशन करते. तरी दातांचा प्रश्न माझ्याकडे येतो, कारण दवाखान्यात जाण्याआधी त्यावर घरात भांडण झालेलं असतं. लग्नाच्या वयात तारा लावायला उशीर झाला का, दात खिळखिळे होतात का, तारा घालून मुलगी दाखवायची कशी, असं सगळं एकत्र होऊन येतं. या मुलीला मी इथे रेवती म्हणते. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

रेवती 26 वर्षांची, एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. वरचे पुढचे दात बाहेर आलेले, एक सुळा दुसऱ्या दातावर चढलेला. बोलताना उजवा हात आपोआप ओठांपुढे यायचा. शाळेत तिला फावडी म्हणायचे, हे आईनंच सांगितलं, तेही तिच्यासमोर. दोन स्थळांनी फोटो पाहून पुढे काही कळवलं नव्हतं. मग नात्यातल्या कोणीतरी मार्ग सुचवला की पुढचे सहा दात यंत्रानं घासून बारीक करून वर कॅप, म्हणजे दातासारखी टोपी, बसवून घ्या, महिनाभरात काम होतं. एक दवाखाना तयारही होता. आईला तारीख ठरवायची होती, लेक हो म्हणत नव्हती. "हिला जरा समजावून सांगा," एवढ्यासाठी मी.

समजवायचं कोणाला, हे मी आधी ठरवत नाही. आईंना बाहेर बसवलं आणि रेवतीला विचारलं, नको का म्हणतेस?

"मला तेराव्या वर्षी हवं होतं," ती म्हणाली. "तेव्हा नाही म्हणाले. आता लोकांना दाखवायचंय म्हणून हवंय."

आठवीत असताना शाळेत दंततपासणीचं शिबिर झालं होतं. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती की तारा लावण्यासाठी दाखवून घ्या, वरच्या दोन उपदाढा, म्हणजे सुळा आणि दाढ यांच्या मधले दात, काढाव्या लागतील. चिठ्ठी घरी आली आणि आजी म्हणाली, वरचे दात काढले की डोळे जातात. विषय तिथेच मिटला. पुढे धाकट्या भावाला क्रिकेटचं किट आलं, सायकल आली. "त्याच्या किटनं कोणाचे डोळे गेले नाहीत," रेवती म्हणाली. तेरा वर्षांचा हिशेब तिनं नीट जपून ठेवला होता.

डोळ्यांचं आधी सांगून टाकते, कारण ही भीती मराठवाड्यातच नव्हे, शिकलेल्या घरांतही भेटते. दिसण्याची नस वेगळी आणि वरच्या दातांची नस वेगळी. दात काढल्यानं नजर कमी होत नाही. वय वाढलं की नजर कमी होते आणि त्याच वयात दातही पडतात, त्यातून हे नातं जुळलं असावं असा माझा अंदाज.

दोघींना मी एकच काम दिलं. कॅपची तारीख घेऊ नका. आधी ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवा, म्हणजे बीडीएसनंतर दात सरळ करण्याच्याच विषयात तीन वर्षं एमडीएस केलेल्या दातांच्या डॉक्टरला. प्रश्न कागदावर लिहून न्या आणि उत्तरं लिहून आणा. प्रश्न आईचे वेगळे, लेकीचे वेगळे. त्या इथल्या शासकीय दंत महाविद्यालयात गेल्या. तिथे शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. रांग असते, वेळ जातो, पण खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो. शिवाय जालन्याहून एसटीनं सकाळी येऊन संध्याकाळी परतता येतं.

पुढच्या भेटीत कागद समोर ठेवला. आईचा पहिला प्रश्न होता: वय झालं का? उत्तर होतं, नाही. दात हलवायला वयाची अट नसते, हिरड्या आणि हाड निरोगी लागतं. लहानपणाचा फायदा वेगळा असतो. जबडा वाढत असताना, साधारण दहा ते तेराच्या आसपास, खालचा जबडा मागे असेल तर त्याच्या वाढीला वळण लावता येतं. वाढ थांबल्यावर ते जमत नाही. मग दातच हलवून भागवायचं, आणि जबड्यांतला फरक फार असेल तर शस्त्रक्रिया. रेवतीचा जबडा फारसा मागे नव्हता, अडचण दातांचीच होती. म्हणजे आठवीतली चिठ्ठी तेरा वर्षांनीही जवळपास तशीच लागू होती. हे ऐकून तिचा चेहरा सैल झाला. काहीतरी कायमचं हातून गेलं असं ती धरून बसली होती.

खिळखिळे होण्याबद्दल आलेलं उत्तर मला स्वतःला फार आवडलं. दात हाडात खुंटीसारखा ठोकलेला नसतो, त्याच्याभोवती धाग्यांची बारीक गादी असते. तारेनं हलका दाब दिला की ज्या बाजूला दात सरकतो तिकडचं हाड विरघळतं आणि मागे मोकळ्या झालेल्या बाजूला नवं हाड भरत येतं. मधल्या काळात दात जरा हलतो. हललाच नाही तर सरकणार कसा? नवं हाड पक्कं झालं की दातही पक्का होतो. खरा धोका हिरड्यांचा आजार तसाच ठेवून तारा लावण्यात आहे. म्हणून आधी किटण काढून साफसफाई, मग तारा.

आता तुळशीच्या लग्नाचं. उपदाढ काढली की मोकळी होणारी जागा साधारण 7 मिलिमीटर, पुढचे दात मागे सरकवून ती भरायची. दात महिन्याला जेमतेम 1 मिलिमीटर सरकतो. त्याआधी वेडेवाकडे दात एका ओळीत आणायचे, शेवटी वरच्या-खालच्या दातांचा चावा जुळवायचा. बेरीज जाते 18 ते 24 महिन्यांवर. जोर वाढवला म्हणून काम लवकर होत नाही, उलट मुळं झिजण्याची भीती. आई बोटांवर महिने मोजत होत्या. कार्तिक गेला, पुढचा कार्तिकही गेला.

"मग कॅपच बरी," त्या म्हणाल्या.

इथे मात्र मी तटस्थ राहिले नाही. किडलेल्या किंवा तुटलेल्या दाताला कॅप हा चांगलाच इलाज आहे. पण सव्वीस वर्षांच्या मुलीचे सहा धडधाकट दात घासायचे, म्हणजे जे आवरण पुन्हा कधीच येत नाही ते काढून टाकायचं. दात इतका बाहेर असेल तर फार घासावा लागतो, मग अनेकदा रूट कॅनालही आलंच. मूळ जिथे होतं तिथेच राहतं. शिवाय कॅप जन्मभराची नसते, दहा-पंधरा वर्षांनी बदलायची वेळ येऊ शकते. साठीपर्यंत किती वेळा, ते तुम्हीच मोजा, म्हटलं. मोजण्यात त्या हुशार होत्या.

खोलीत शांतता झाली. मग रेवतीनं सायकलीचं काढलं. माझ्यासमोर, थेट आईला. "आजीचं ऐकून तू गप्प बसलीस."

आई बराच वेळ पदराचं टोक गुंडाळत राहिल्या. "आजीचं नव्हतं गं ते. त्या वर्षी बाग वाळली आपली."

ते 2012-13 चं वर्ष. दुष्काळात जालन्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, लोकांनी टँकर विकत घेऊन झाडं जगवायचा प्रयत्न केला आणि शेवटी कुऱ्हाड लावली. यांची तीनशे झाडं गेली. दातांना पैसे नाहीत हे लेकीला सांगण्यापेक्षा सासूबाईंचे डोळे पुढे करणं सोपं गेलं. "तू समजून घेतलं असतंस, म्हणून तर सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. हे वाक्य मला त्या क्षणी कळलं नाही. घरी जाताना कळलं. सायकल नंतरची, पाऊस झाल्यावरची होती.

अशा वेळी समुपदेशकानं फार बोलू नये. मी पाणी दिलं.

त्यानंतर कोणती तार, हा प्रश्न निव्वळ माहितीचा उरला. रेवतीला अलाइनर हवे होते, पारदर्शक, काढता-घालता येणारे. ते दिवसाला 20 ते 22 तास घालावे लागतात, फक्त जेवताना आणि ब्रश करताना काढायचे. थोडी गर्दी, छोट्या फटी यांना छान. पण उपदाढा काढून मोठी जागा भरायची तर पक्क्या तारांचा ताबा जास्त, असं तिच्या डॉक्टरांचं मत पडलं. आतून, जिभेच्या बाजूनं लावायच्या तारा महाग आणि जिभेला सोलवटणाऱ्या. दाताच्या रंगाच्या सिरॅमिकवर आईचा डोळा होता. पण त्यांत तार धरून ठेवणाऱ्या पारदर्शक रबरांवर हळद चढते आणि दोन दिवसांच्या वरणभातानं ती पिवळी पडतात. रेवती म्हणाली, मग स्टीलच्याच लावते, दिसल्या तर दिसल्या.

एक गोष्ट मी मुद्दाम दोनदा विचारून घेतली. तारा निघाल्यावर रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारं साधन, वापरायचा आहे, हे कळलंय ना? आधी दिवसरात्र, मग नुसतं रात्री, तेही वर्षानुवर्षं. दाताभोवतीचे ताणलेले धागे दाताला जुन्या जागी ओढत राहतात. रिटेनर ड्रॉवरमध्ये टाकून चार वर्षांनी पुन्हा तारा लावायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत.

आणि प्रत्येकाला मी तारांकडे पाठवत नाही. गेल्या वर्षी एक तरुण आला होता. दोनदा उपचार झालेले, दात मला तरी सरळ दिसत होते, आणि तो रोज दोन-दोन तास आरशासमोर मोबाइलची बॅटरी लावून एकच दात बघत असे. त्याला तिसऱ्यांदा तारा लावणं म्हणजे आजार वाढवणं होतं. त्याला मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. रेवतीचं तसं नव्हतं. तिचा दात खरोखर दुसऱ्यावर चढला होता, पुढच्या दातांनी तिला मक्याचं कणीस खाता येत नव्हतं.

स्थळांचं काय, ते दोघींनी घरी ठरवलं. बायोडेटाला तारांसकट फोटो लावायचा, हे आईला अजून पूर्ण पटलेलं नाही. त्यावर भांडण चालू आहे, पण ते आता माझ्यापर्यंत येत नाही.

ऑगस्टमध्ये उपदाढा काढल्या, मग तारा लागल्या. पहिला आठवडा ठणका, गाल सोलले, दुधात कुस्करलेली भाकरी. आईंचे फोन यायचे: चिक्की चालेल का, ऊस? नाही, दोन्ही नाही, आणि हे डॉक्टरांना विचारा. जानेवारीत विचारलं, हुरडा? मऊ असतो, चालेल बहुतेक, पण अडकेल खूप, म्हटलं.

दोन दिवसांनी शेतातून फोटो आला. आगटीभोवती सगळे बसलेत, रेवतीच्या एका हातात कणीस आणि दुसऱ्यात शेंगदाण्याची चटणी. कशावर तरी ती मोठ्यानं हसतेय आणि तारांत सगळीकडे हिरवे दाणे अडकलेत. खाली आईंनी लिहिलं होतं, "अर्धा तास ब्रश करत होती."