कालची अंतर्मुख, आज बहिर्मुख?

प्रश्न : ऑफिसच्या प्रशिक्षणात दिलेल्या स्वभावचाचणीत मी ‘अंतर्मुख’ ठरले. दोन महिन्यांनी तीच चाचणी दिली, तर ‘बहिर्मुख’! स्वभाव इतक्या लवकर बदलतो का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : स्वभाव बहुधा तोच आहे, घोळ रेघेचा आहे. बहुतेकांचे गुण मध्याच्या आसपास पडतात. चाचणी नेमकी मध्यावर रेघ मारून दोन खोके करत असेल, तर दोन-तीन गुणांच्या फरकानेही माणूस पलीकडे जातो. उंचीसारखंच आहे हे, ‘बुटके’ आणि ‘उंच’ असे दोनच प्रकार कोण करतं?

म्हणून संशोधनात पंचघटक प्रारूप जास्त वापरतात : नवअनुभवांची ओढ, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौहार्द आणि भावनिक अस्थिरता. प्रत्येकाची सलग पट्टी, खोके नाहीत. (या शोधाची एक सुरुवात शब्दकोशातून झाली. ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी 1936 मध्ये माणसांचं वर्णन करणारे सुमारे 18,000 इंग्रजी शब्द वेचले होते.)

स्वतः गुण मोजत असाल, तर उलटी विधानं आधी शोधा. बहिर्मुखतेच्या पट्टीत ‘मी गप्प गप्प असते’ याला 5 पैकी 4 दिले असतील, तर 6 मधून वजा करून 2 धरा. हे विसरलं की बेरीज मध्याकडे ओढली जाते. उत्तरं देताना आजचा दिवस किंवा फक्त ऑफिस डोळ्यांसमोर आणू नका, गेली काही वर्षं आठवा. दहा विधानांच्या चाचणीत पाचपैकी प्रत्येक घटकाला जेमतेम दोन विधानं मिळतात. साठ विधानांची घ्या.